मोटारीचा डबा आणि मोडलेलं मनगट : प्रकल्प नोंदी

आमचं वावर आर्वी तालुक्यात (वर्धा जिल्हा), घरापासून सव्वा किलोमीटर. विहिरीवर पाच एचपीची पाणबुडी मोटार, खांबावर साधा डीओएल स्टार्टर, म्हणजे हिरव्या बटणाने मोटार थेट चालू करणारा आणि लाल बटणाने बंद करणारा डबा. शेतीची थ्री फेज वीज, म्हणजे लाइन, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल एप्रिल २०२४ पासून सरकारने माफ केलं, पण रात्रीची लाइन रात्रीच येते. सासरे, म्हणजे मामाजी, अडुसष्ट वर्षांचे. लाइन आली का ते पाहायला रात्री दोनदोनदा विहिरीवर जातात. वाटेत रानडुकरं आहेत, साप आहेत.

माझं गावात मोबाइल दुरुस्ती आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. सोल्डरिंगचा हात होता, म्हणून मोबाइलवरून मोटार चालू-बंद करणारा डबा घरीच करायचं ठरवलं. तयार मोबाइल स्टार्टर दुकानदार साडेचार हजारांना देत होता. "तोच घेऊन टाक ना," असं हे म्हणाले होते. ऐकलं नाही.

नोंदी वहीतल्या आहेत तशाच देते आहे. मधल्या काही नोंदी मुलीच्या अक्षरात आहेत, ती आठवीत आहे.

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

भाऊबीज. भावाला आधीच सांगून ठेवलं होतं, ओवाळणीत साडी नको, नागपूरहून सामान आण. सीताबर्डीवरून त्याने आणलं ते असं: सिम८००एल मॉड्यूल (सिम घालून कॉल-मेसेज करणारं) ३५० रुपये, आर्डुइनो नॅनो (कोड चालवणारं छोटं बोर्ड, क्लोन) २८०, दोन रिलेंचं (सिग्नलवर जुळणारे-उघडणारे स्विच) निळं बोर्ड १२०, एलएम२५९६ बक कन्व्हर्टर (व्होल्ट कमी करणारा) ७०, पीसी८१७ ऑप्टोकपलर (लाइनचा सिग्नल उजेडाने नॅनोपर्यंत पोचवणारा, म्हणजे दोघांत वायर जुळत नाही) पाच नग ५०, आणि रेझिस्टर, कपॅसिटर, टर्मिनल मिळून १८०. एकूण १,०५०.

मामाजींनी सगळं हातात घेऊन पाहिलं आणि विचारलं, "मोटार घरून चालू होईन, पण पाइप का मोबाइलवर सरकतीन?" सगळे हसले, मीही हसले. हा प्रश्न तेव्हाच वहीत लिहिला, पण गंमत म्हणून.

६ नोव्हेंबर

मॉड्यूलला नेटवर्क मिळेना. दोन संध्याकाळी गेल्या. अँटेना बदलली, टाक्यांवर पुन्हा सोल्डर दिला, छतावर नेऊन पाहिलं. लाल दिवा दर सेकंदाला लुकलुकत राहिला, म्हणजे टॉवर शोधतोय. नोंदणी झाली की तो साधारण तीन सेकंदांनी एकदा लुकलुकतो.

कारण साधं निघालं. मी जिओचं सिम घातलं होतं. हे मॉड्यूल फक्त टू-जीवर चालतं आणि जिओचं टू-जी नाहीच. दुकानात रोज सिम विकणाऱ्या बाईने ही चूक करावी! एअरटेलचं जुनं सिम घातलं, पाऊण मिनिटात नोंदणी.

१० नोव्हेंबर

आता कॉल आला की मॉड्यूल बंद पडून पुन्हा सुरू होतंय. मल्टिमीटरवर ४ व्होल्ट बरोबर दिसतात, कॉल येतो आणि सगळं जातं.

याला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि टॉवरशी बोलताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतं. मी मोबाइलच्या ५ व्होल्ट चार्जरवरून एलएम२५९६ ने ४ व्होल्ट काढत होते. त्या कन्व्हर्टरला स्वतःलाच दीड-एक व्होल्टचं अंतर लागतं. पाचातून चार काढताना लोड नसला तर चालून जातं, लोड आला की कोसळतं. मल्टिमीटरला तो क्षणाचा खड्डा दिसत नाही.

१२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर घेतला, २२० रुपये. मॉड्यूलच्या पायांना अगदी लागून १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला. त्यानंतर एकदाही बंद पडलं नाही. चार संध्याकाळी वाया.

नॅनोचा सिग्नल ५ व्होल्टचा असतो, तो मॉड्यूलला थेट देऊ नका. एक के आणि दोन के ओहमचे रेझिस्टर लावून वाटून द्या. हे मात्र पहिल्यापासून बरोबर केलं होतं.

१७ नोव्हेंबर

तिन्ही फेज आहेत का ते ओळखायचं सर्किट. प्रत्येक फेज आणि न्यूट्रलमध्ये रेझिस्टर, पुढे पीसी८१७. घरच्या २३० व्होल्टवर चाचणी केली. ४७ के, पाव वॉटचा एकच रेझिस्टर लावला होता. मिनिटभरात वास, मग काळा. हिशोब नंतर केला: त्याच्यावर एक वॉटच्या वर जात होतं. आता ४७ केचे दोन, एकापुढे एक, एक वॉटचे. हात लावून पाहिले (लाइन काढून), कोमट. रेझिस्टरचे ४० रुपये.

२० नोव्हेंबर, मतदानाचा दिवस

मतदान करून आले, दुकान बंद. दिवसभर कोड. ठरलेल्या चार नंबरांवरून कॉल आला की डबा कॉल कापतो आणि मोटार चालू करतो. चालू असेल तर बंद करतो. मग मेसेज पाठवतो, "मोटर चालू" किंवा "मोटर बंद". संध्याकाळी टेबलावर रिले टकटक वाजली तेव्हा सासूबाईंनाही बोलावून दाखवलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

पहिली दुखापत.

सोल्डरिंग गनचं स्टँड दुकानात राहिलं होतं. घरी गन स्टीलच्या पेल्यात तिरपी ठेवली. वायर पायात अडकली, पेला कलंडला, गन घरंगळली आणि मी पडती वस्तू झेलावी तशी डाव्या हाताने झेलली. टोक साडेतीनशे अंशांच्या आसपास असतं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींच्या पेरांवर पांढरा पट्टा.

सासूबाईंनी टूथपेस्ट लावली आणि मी लावू दिली, कारण कळ इतकी होती की काहीही लावलं असतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ती सगळी धुऊन काढली तेव्हा जास्त दुखलं. त्यांनी सांगितलेलं लिहून ठेवते: भाजलं की लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ यांतलं काही नाही. अंगठी किंवा बांगडी असेल तर सूज यायच्या आत काढायची.

पडणारी गन पडू द्या. फरशीला काही होत नाही. हे मला माहीत होतं, दुकानात शिकायला येणाऱ्या पोराला मीच सांगितलं होतं.

३० नोव्हेंबर

फोड फुटले. बोटं वाकतात, पण डाव्या हाताने बारीक वायर धरता येत नाही. खरं तर इथेच पंधरा दिवस थांबायला हवं होतं. पण गव्हाला पहिलं पाणी द्यायची वेळ आली होती आणि मामाजी रात्री जातच होते. थांबले नाही. डाव्या हाताचं काम पक्कडीने केलं, म्हणून चार सांधे कच्चे राहिले. ते नंतर मोजले.

८ डिसेंबर

डबा विहिरीवर बसवला. प्लास्टिकचा बंद होणारा बॉक्स ३५० रुपये. हे सोबत होते. आधी डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) फ्यूज ग्रिपा, म्हणजे काढल्या की लाइन तुटते ते फ्यूज, काढून खिशात टाकल्या, मग तिन्ही फेजना टेस्टर लावून पाहिला, मग स्टार्टर उघडला. हातातल्या धातूच्या पाटल्या घरी काढून ठेवल्या होत्या. बायाबापड्यांनो, हे विसरू नका.

जोडणी अशी केली: पहिली रिले हिरव्या बटणाला समांतर, ती क्षणभर जुळली की स्टार्टर धरतो. दुसरी रिले लाल बटणाच्या वायरीत, नेहमी जुळलेली, ती क्षणभर उघडली की स्टार्टर सुटतो.

घरून मिस्ड कॉल दिला. मेसेज आला, मोटर चालू. हे विहिरीवरून फोनवर ओरडले, चालू झाली! आठ दिवस सगळं छान चालेल असं वाटलं. सहा चाललं.

१४ डिसेंबर, शनिवार (ही नोंद १७ तारखेला मुलीने लिहून घेतली)

हे कापसाची गाडी घेऊन आर्वीला रांगेत होते. मामाजींना ताप. लाइन रात्री साडेनऊला आली. मी घरून मोटार चालू केली, स्प्रिंकलर संध्याकाळीच लावून ठेवलेला होता. साडेअकराला मिस्ड कॉल दिला. मेसेज आला, "मोटर बंद". झोपले.

बाराला शेजारच्या वावरातल्या भाऊजींचा फोन. "वहिनी, तुमची मोटार चालूच हाय. पाइप निसटला. आमच्या हरभऱ्यात तळं झालं."

पुन्हा कॉल दिला, "मोटर चालू". लगेच आणखी एक दिला. पुन्हा "मोटर बंद". डबा खोटं बोलत होता.

विहिरीला त्या दिवसांत अडीच-तीन तास उपसा पुरतो. पाणी संपलं की मोटार कोरडी फिरून जळते, आणि डब्यात कोरडं फिरण्यापासून बचावाचं काहीच टाकलं नव्हतं, ते "नंतर" टाकायचं होतं. भाऊजींना "लाल बटण दाबा" म्हणायला हवं होतं. ते तिथेच उभे होते. सुचलंच नाही. डोक्यात एकच, कोडमध्ये काय चुकलं. म्हणून टॉर्चबरोबर लॅपटॉपची बॅगही घेतली आणि पळाले.

निसटलेल्या पाइपाने धुरा, म्हणजे वावराचा बांध, पूर्ण भिजलेला होता. काळी माती. डाव्या हातात बॅग, ती वाचवायला उजवा हात टेकवला. कडक असा आवाज ऐकू आला, दुखलं नंतर.

लाल बटण डाव्या हाताने दाबलं. मोटार बंद झाली. बटणाला लागलं अर्धं सेकंद.

१५ डिसेंबर

एक्स-रे. मनगटाजवळ रेडियसचं हाड मोडलेलं, पण जागेवरून हललेलं नाही. ऑपरेशन नाही. सूज होती म्हणून आधी कच्चं प्लास्टर, आठ दिवसांनी पक्कं. एकूण सहा आठवडे. हात छातीच्या वर उचलून ठेवायचा, बोटं मात्र दर तासाला हलवायची, नाहीतर ती आखडतात. ज्या हाताची बोटं भाजली होती तोच आता कामाचा हात.

काचेच्या बांगड्या फुटून हाताला ओरखडे आले होते. सासूबाईंना मोडलेल्या हाडापेक्षा फुटलेल्या बांगड्यांचं जास्त वाईट वाटलं. "काहून वं एकटी गेली? मले उठवता येत नव्हतं?" एवढंच म्हणाल्या आणि दिवसभर बोलल्या नाहीत.

१७ डिसेंबर

काम थांबवलं. पण नुसतं सोडून देऊन चालत नाही. खांबावर जिवंत वायरींना लटकलेला, अर्धवट, मालकिणीशिवाय कोणाला न कळणारा डबा म्हणजे सापळा. तेव्हा गावातल्या वायरमनला बोलावलं. मी धुऱ्यावर खुर्चीत, मुलगी वही घेऊन.

ग्रिपा काढल्या. डब्याच्या सगळ्या वायरी स्टार्टरमधून सोडवल्या आणि स्टार्टर पहिल्यासारखा जोडला. मोकळी वायर एकही ठेवली नाही, टेप लावूनसुद्धा नाही. हिरव्या-लाल बटणावर मोटार दोनदा चालू-बंद करून पाहिली. सोडवताना प्रत्येक वायरीला चिकटपट्टीवर नाव लिहिलं, डब्याच्या झाकणावर "अपूर्ण. लाइनला जोडू नये" असं खडूने नाही, मार्करने लिहिलं. कोडची प्रत पेन ड्राइव्हमध्ये घालून डब्यातच ठेवली. वायरमनने ३०० सांगितले आणि घेतले नाहीत, पुढच्या वेळी त्याच्या फोनचा डिस्प्ले बदलून द्यायचा आहे.

मग त्याने निळी रिले फोडली. लाल बटणाच्या वायरीतली. आतले संपर्क वितळून एकमेकांना चिकटलेले.

रिलेच्या पाठीवर लिहिलेलंच आहे, १० अँपिअर, २५० व्होल्ट एसी. आमच्या स्टार्टरची कॉइल (स्टार्टर धरून ठेवणारं चुंबकाचं वेटोळं) दोन फेजमध्ये, ४१५ व्होल्टची. करंट किरकोळ असतो, म्हणून मी फक्त अँपिअरचा आकडा वाचला होता. व्होल्ट जास्त आणि कॉइलचा लोड, त्यामुळे संपर्क उघडताना ठिणगी तुटत नाही, जळत राहते. सहा दिवसांत पंधरा-सोळा वेळा उघडली असेल, तेवढ्यात गेली.

आणि कोडमध्ये काहीच चुकलेलं नव्हतं. डब्याने रिलेला "उघड" म्हटलं, मेसेज पाठवला "बंद". मोटार खरंच बंद झाली का हे त्याने पाहिलंच नव्हतं, कारण पाहायला मी काही दिलंच नव्हतं. लॅपटॉप नेऊन काय सापडणार होतं?

२८ डिसेंबर

पक्कं प्लास्टर झालं २३ ला. प्लास्टरच्या आत खाजतं. विणायची सुई घालू नका, आत जखम झाली तर दिसत नाही. मी घातली होती, डॉक्टरांनी ओळखलं.

दुकान बंद. झेरॉक्स मुलगी शाळेतून आली की तासभर चालवते. दुरुस्तीला आलेले सात फोन परत दिले. स्वयंपाक सासूबाई आणि हे मिळून. ह्यांच्या पोळ्यांबद्दल वहीत लिहायला मुलीने नकार दिला.

मामाजी पुन्हा रात्री जातात. ते उठले की मलाही जाग येते, दाराच्या कडीचा आवाज होतो. काही करता येत नाही, म्हणून मुलीकडून एक साधं काम सुरू केलं. कॅलेंडरच्या मागे रकाने: मामाजी किती वाजता गेले, लाइन होती का, गेल्यावर काय केलं, परत कधी आले. मामाजी सकाळी चहा पिताना सांगतात, ती लिहिते.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत

वाण घ्यायला बायका आल्या, सगळ्यांना प्लास्टरवर हात फिरवून पाहायचा होता. एकीने त्यावर हळदीकुंकू लावलं.

दुपारी कॅलेंडर घेऊन बसले. आजवरच्या सगळ्या रात्रींच्या नोंदी. मामाजी एकूण एकेचाळीस वेळा गेले. त्यातले एकोणीस फेरे लाइन नसताना, म्हणजे जाऊन, बघून परत. उरलेल्या बावीसपैकी नुसतं बटण दाबून परत आले असे किती? दोन. बाकी सगळ्या वेळी त्यांनी पाइप बदलले, नोझलमधला कचरा काढला, निसटलेला जोड बसवला, नाहीतर रानडुकरं हाकलली.

म्हणजे मोटार घरून चालू करण्याची गरज जवळजवळ नव्हतीच. ओलीत करायचं तर माणूस वावरात लागतोच. गरज होती ती लाइन आली हे घरात कळण्याची, आणि काही बिघडलं तर मोटार खात्रीने बंद होण्याची. मी दीड महिना ज्या भागावर घालवला, "घरून चालू", तोच भाग नको होता. आणि धोक्याचाही तोच. विहिरीवर कोणी पाइप जोडत असताना घरून कोणी चुकून मिस्ड कॉल दिला तर?

३ नोव्हेंबरचं पान काढून मामाजींचा प्रश्न त्यांनाच वाचून दाखवला. त्यांना आठवतही नव्हता. म्हणाले, "मी कधी बोललो असं?"

डाव्या हाताने नवीन सर्किट काढलं. रेघा वाकड्या, पण पहिल्या सर्किटपेक्षा निम्म्याच.

२७ जानेवारी

प्लास्टर काढलं. हात बारीक, कातडी सोलतेय, मनगट लाकडासारखं. वाटलं होतं प्लास्टर निघालं की काम सुरू. तसं नसतं. तळहात वर करून पैसे घेता येत नाहीत, कुलपात किल्ली फिरत नाही. कोमट पाण्यात हात बुडवून बोटं हलवायची, स्पंजचा चेंडू दाबायचा, मनगट हळूहळू वर-खाली. जड उचलायला आणखी सहा आठवडे बंदी.

९ फेब्रुवारी

घाई केली. सोल्डरिंग करून पाहिलं. पाच मिनिटांत हात थरथरला आणि दोन पायांमध्ये सोल्डरचा पूल झाला. गन स्टँडमध्ये (आता घरी दुसरं स्टँड आहे, ९० रुपये) ठेवली आणि उठले. स्क्रू ड्रायव्हर उजव्या हाताने अजिबात फिरत नाही. कणीक मळणं हा सगळ्यात चांगला व्यायाम आहे, पण तो कोणी सांगायच्या आधी घरचे स्वतःच सोपवतात.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

एकाहत्तर दिवसांनी पुन्हा काम. नियम एकच केला: रोज वीस मिनिटं, रात्री जेवणानंतर नाही.

बदल असे. चालू करणारी रिले काढून टाकली. मोटार विहिरीवरच्या हिरव्या बटणानेच चालू होणार.

बंद करण्याची पद्धत उलटी केली. आधी मोटार बंद करायला रिले चालू करावी लागायची, आणि ती मेली की मोटार चालूच. आता लाल बटणाच्या वायरीत २३० व्होल्ट कॉइलचा छोटा काँटॅक्टर, म्हणजे रिलेचाच दणकट भाऊ (७५० रुपये). त्याचे संपर्क ४१५ व्होल्टसाठीच असतात. निळी रिले फक्त त्याच्या २३० व्होल्टच्या कॉइलला चालवते. डबा ठीक असेल तोवर काँटॅक्टर धरलेला, म्हणून मोटार चालते. मिस्ड कॉल आला, एखादी फेज गेली, किंवा डबाच बंद पडला, की काँटॅक्टर सुटतो आणि मोटार थांबते.

डबा बिघडला म्हणून ओलीत अडू नये, यासाठी बाजूला "साधी / मोबाइल" असा टॉगल स्विच, ६० रुपये.

पहिल्या चाचणीत काँटॅक्टर सुटला की नॅनो रिसेट व्हायचा. कॉइल सुटताना येणारा झटका. १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) कॉइलला समांतर लावला, ३० रुपये, थांबलं.

पीसी८१७ पाच होते: तीन फेजना तीन, चौथा आता स्टार्टरच्या मोटारीकडच्या बाजूला लावला, पाचवा उरला. तिथे फेज दिसली तरच मेसेजात "चालू". रिलेला काय सांगितलं याच्याशी मेसेजचा संबंध उरला नाही.

कच्चे राहिलेले चारही सांधे नव्याने केले.

९ मार्च

बसवला. या वेळी दिवसा, हे आणि वायरमन दोघंही हजर, मी सांगायला. स्क्रू त्यांनीच आवळले. ह्यांनी मधेच एकदा ग्रिपा लावू का विचारलं, मी टेस्टर दाखवला.

गव्हाचं शेवटचं पाणी आधीच होऊन गेलं होतं. ज्या हंगामासाठी पळापळ केली तो संपला. आता एकरभर उन्हाळी भुईमूग आहे, त्यावर चाचणी.

खर्च: पहिली फेरी १,६६०, दुसरी ८४०, स्टँड ९०. दवाखाना, तीन एक्स-रे आणि औषधं धरून ६,३००. दुकान सहा आठवडे बंद आणि पुढे महिनाभर अर्धं, ते इथे मांडलेलं नाही. तयार स्टार्टर साडेचार हजारांना होता, हे ह्यांनी एकदाच म्हटलं.

१६ मार्च

लाइन गेली की डबा मरतो, आली की जागा होतो, म्हणून बॅटरी लागत नाही. जागा झाला, तिन्ही फेज दिसल्या, दोन मिनिटं टिकल्या, की मेसेज. पण मामाजींचा फोन बटणांचा, मेसेज उघडायला चष्मा लागतो आणि रात्री चष्मा सापडत नाही. पहिल्या दोन रात्री मेसेज तसेच पडून राहिले, मामाजी आपले सवयीने जाऊन आले.

आता डबा मेसेज न करता मामाजींच्या फोनवर सरळ कॉल करतो, पाच वेळा वाजू देतो आणि कापतो. उचलायचाच नाही. त्या नंबरासाठी वेगळी रिंग लावली, मंदिरातल्या घंटेची.

काल रात्री सव्वाबाराला घंटा वाजली. मामाजी म्हणाले, "आली वं लाइन," आणि काठी-बॅटरी घेऊन निघाले. कॅलेंडरच्या मागे आजचा फेरा: एक. लाइन होती.

बाकी काम: वायरींच्या भोकातून डब्यात मुंग्या शिरतात, ग्लँड (वायरीभोवती भोक घट्ट बंद करणारे) आणायचे आहेत. कोरडं फिरण्याचं सर्किट अजून कागदावरच. उजव्या हाताने स्क्रू ड्रायव्हर अर्धा फेरा फिरतो, उरलेला अर्धा डाव्याने.